रोजचा दीड जीबी... सोय कोणाची?

हॉस्टेलला राहायला आलं की पहिल्या आठवड्यात तीन निर्णय घ्यावे लागतात. मेस कुठली लावायची, कॉट खिडकीजवळची घ्यायची की दाराजवळची, आणि मोबाईलवर रिचार्ज कुठला मारायचा. पहिल्यासाठी आपण चार ठिकाणी जेवून बघतो. दुसऱ्यासाठी चक्क भांडतो. तिसऱ्यासाठी मात्र काहीच करत नाही! शेजारच्या कॉटवरची जो मारते तोच आपण मारतो, आणि मग चार वर्षं तोच चालू राहतो. मेसची आमटी पातळ झाली की रेक्टर मॅडमच्या केबिनपर्यंत जाणारे आपण, नेटपॅकच्या बाबतीत मात्र जे ताटात पडेल ते मुकाट्याने खातो.

मित्रमैत्रिणींनो, मी एन्टीसी ब्रँचची, थर्ड इयर. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे एकोणसत्तर म्हणजे 69 की 79 हे अजूनही आईला फोन करून विचारते. म्हणून या लेखात आकडे आकड्यांतच लिहिले आहेत, आणि ते भरपूर आहेत. घाबरू नका, एम-थ्रीसारखं काही नाही. बेरीज-भागाकाराच्या पुढे जाणार नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं : ‘रोज दीड जीबी’ हा पॅक हॉस्टेलच्या विद्यार्थ्याच्या दिवसाला बसत नाही. तो आपण निवडलेला नाही, तो आपल्याला सवयीने चिकटला आहे. आणि त्याची किंमत सगळ्यात जास्त तोच भरतो ज्याच्या खिशात सगळ्यात कमी आहे.

हे ‘रोज’ आलं कुठून?

5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं तेव्हा मी शाळेत होते. आमच्या गल्लीतले सगळे काका लोक फुकट सिमसाठी आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन रांगेत उभे होते, ते मला चांगलं आठवतं. त्याआधी नेट ही जपून वापरायची वस्तू होती. ट्रायच्या आकडेवारीप्रमाणे 2014 साली 1 जीबी डेटा सरासरी 269 रुपयांच्या आसपास पडायचा. 2018 साली तोच 12 रुपयांच्या आत आला. एवढी स्वस्ताई दुसऱ्या कुठल्याही वस्तूत आपल्या आईबाबांनी पाहिली नसेल. ते श्रेय द्यायलाच हवं.

पण त्याच वेळी एक बारीकसा बदल झाला. आधी लोक महिन्याचा डेटा विकत घ्यायचे. जिओच्या पहिल्या ऑफरमध्ये रोज 4 जीबीची मर्यादा होती, ती 1 जानेवारी 2017 पासून रोज 1 जीबी झाली. मग सगळ्याच कंपन्यांनी ‘रोज इतके’ अशी भाषा सुरू केली आणि ती आपल्या तोंडात बसली. आज कोणी ‘तुझा पॅक कुठला’ असं विचारलं तर उत्तर येतं, ‘दीड जीबीवाला’. दिवसाला, हे सांगावंही लागत नाही.

कंपनीच्या बाजूने यात तथ्य आहे. एका टॉवरच्या एका सेक्टरची बँडविड्थ त्या भागातले सगळे मिळून वाटून घेतात. सगळ्यांनी महिन्याच्या पहिल्या चार दिवसांत सगळा डेटा उडवायचा ठरवलं तर नेटवर्क कोलमडेल. रोजची मर्यादा घातली की लोड पसरतो. फंडा क्लिअर आहे. प्रश्न एवढाच, की नेटवर्कसाठी जे सोयीचं ते आपल्यासाठी सोयीचं आहे का?

सरासरी आणि कमाल

इलेक्ट्रिकलवाल्यांना मॅक्सिमम डिमांड आणि ॲव्हरेज लोड यातला फरक सांगायला नको. आपला नेटचा वापर अगदी तसाच आहे. कॉलेज चालू असताना दिवसभर लेक्चर, प्रॅक्टिकल, लायब्ररी. हॉस्टेलचं वायफाय चालू असेल तर त्यावर काम भागतं. त्या दिवशी मोबाईलचा डेटा 300-400 एमबीसुद्धा लागत नाही. पण सबमिशनच्या आदल्या दिवशी वायफाय गेलं, किंवा घरी बार्शीला जाताना एसटीत बसले, की दीड जीबी दुपारीच संपतो.

गेल्या सेममध्ये मी 28 दिवस रोज रात्री फोनच्या सेटिंगमधला डेटा युसेज वहीत लिहून ठेवला. रिचार्ज तीनशेच्या आसपासचा, रोज दीड जीबी, म्हणजे एकूण 42 जीबी. त्यातले मी वापरले 19. बाकीचे 23 जीबी रोज थोडे थोडे करून रात्री 12 वाजता हवेत गेले. आता गंमत पुढे आहे. याच 28 दिवसांत 4 दिवस असे आले की दीड जीबी संपला आणि वरचा टॉप-अप मारावा लागला, दर वेळी विसेक रुपये. म्हणजे 23 जीबी फेकून दिले आणि 4 जीबी विकत घेतले!

पोळ्यांचंच उदाहरण घ्या. मेसने सांगितलं की रोज 6 पोळ्या तुमच्या. सोमवारी तुम्ही 2 खाल्ल्या, 4 परत गेल्या. मंगळवारी भूक जास्त, 7 हव्या होत्या. काकू म्हणाल्या, सातवीचे पैसे वेगळे. आपण ऐकून घेतलं असतं का? पोळी शिळी होते, हे तरी कारण काकूंकडे आहे. डेटा शिळा होत नाही.

कोणी म्हणेल, उरलेला डेटा पुढे न्यायला तांत्रिक अडचण असेल. नाही. 2017 मध्ये एअरटेलने पोस्टपेड ग्राहकांना उरलेला डेटा पुढच्या महिन्यात नेण्याची सोय दिली. 2020 मध्ये व्होडाफोन-आयडियाने सोमवार ते शुक्रवारचा उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरू देणारी योजना प्रीपेडवर आणली. म्हणजे जमतं. फक्त ते सगळ्यांना द्यायची सक्ती नाही.

आणखी एक. मर्यादा संपल्यावर नेट ‘बंद’ होत नाही, 64 केबीपीएसने चालू राहतं, असं जाहिरातीच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. हे केबी म्हणजे किलोबिट, किलोबाईट नव्हे. 8 ने भागा. सेकंदाला 8 किलोबाईट. 1 एमबी उतरायला 128 सेकंद. 40 एमबीची पीडीएफ उतरायला 85 मिनिटं. याला ‘अनलिमिटेड’ म्हणायचं असेल तर आपल्या मेसची आमटीसुद्धा अनलिमिटेडच आहे.

28 दिवसांचा महिना

कुठल्याही कालनिर्णयात न सापडणारा हा महिना. 28 गुणिले 13 म्हणजे 364. वर्षात महिने 12, रिचार्ज 13. तेरावा महिना आपण अधिक मासासारखा दर वर्षी पाळतो.

पण खरा त्रास तेराव्या रिचार्जचा नाही, तारखेचा आहे. घरून पैसे येतात ते 1 ते 5 तारखेच्या दरम्यान. आज 5 तारखेला रिचार्ज मारला तर पुढचा 2-3 दिवस अलीकडे येतो, त्याच्या पुढचा आणखी अलीकडे. सेम संपेपर्यंत तो सरकत सरकत 23-24 तारखेला पोचतो, जेव्हा पाकिटात फक्त लायब्ररी कार्ड आणि मेसचं कुपन असतं.

ट्रायने यावर 27 जानेवारी 2022 ला आदेश काढला. प्रत्येक कंपनीने निदान एक प्लॅन व्हाउचर, एक स्पेशल टॅरिफ व्हाउचर आणि एक कॉम्बो व्हाउचर 30 दिवसांचं ठेवायचं, आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होईल असंही ठेवायचं. हे पॅक आहेत. पण दुकानदार आपणहून सांगत नाही, ॲपमध्ये ते खालीखाली सरकवलेले असतात, आणि आपण शोधत नाही. हक्क मिळून तो वापरायचा नाही, ही आपली जुनी सवय!

आता खिशाची गोष्ट. जुलै 2024 मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. तेव्हाच्या जिओच्या दरपत्रकात रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा पॅक 239 वरून 299 ला गेला, आणि तोच दीड जीबी 84 दिवसांसाठी 666 वरून 799 ला. 299 चा पॅक तीनदा मारला तर होतात 897. म्हणजे ज्याच्याकडे एकदम 799 आहेत त्याला 84 दिवस 799 ला मिळतात, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला तेच 84 दिवस 897 ला. वरचे 98 रुपये कशाचे? एकरकमी पैसे नसल्याचे. आकडे तुम्ही हे वाचेपर्यंत बदललेले असतील, हिशोबाची पद्धत तीच राहील. करून बघा.

यावर आमच्या विंगमध्ये आम्ही तिघींनी एक जुगाड केला. आमच्या आया करतात तशी भिशी लावली. दर 28 दिवसांनी प्रत्येकीने 267 रुपये काढायचे, त्यात एकीचा 84 दिवसांचा रिचार्ज. पुढच्या वेळी दुसरीचा, मग तिसरीचा. पहिली फेरी बसवायला दुसरी-तिसरीला थोडी ओढाताण होते, एकदा बसली की गाडी रुळावर. एवढ्या साध्या गोष्टीसाठी इंजिनिअरिंगला यायची गरज नव्हती, आईला विचारलं असतं तरी चाललं असतं.

मग निवडायचा कसा?

पहिलं, मोजा. फोनमध्ये आकडा तयार असतो, फक्त बघायचा. निदान एक महिना. मोबाईल डेटा आणि वायफाय वेगवेगळं. महिन्याचा एकूण वापर आणि सगळ्यात जास्त वापराचा दिवस, हे दोन आकडे हातात असल्याशिवाय पॅक निवडू नका. एकूण वापर कमी आणि एखादाच दिवस जास्त असेल, तर रोजच्या मर्यादेचा मोठा पॅक घेण्यापेक्षा एकगठ्ठा डेटा देणारा, जास्त दिवस चालणारा पॅक बघा. लायब्ररी आणि वायफायवर भागणाऱ्याला तो पुरतो. रोज मॅच बघणाऱ्याला नाही पुरणार, त्याने दोन जीबीवालाच घ्यावा, माझी काही हरकत नाही.

दुसरं, सिग्नल तुमच्या कॉटवर बघा, गेटवर नाही. फोनच्या सिम स्टेटसमध्ये डीबीएममध्ये आकडा दिसतो. उणे 80-90 असेल तर छान. उणे 110 च्या पलीकडे गेला तर तो पॅक कितीही स्वस्त असो, महागच पडणार. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरतात, जास्त फ्रिक्वेन्सीच्या अडतात. आपल्या हॉस्टेलच्या भिंती कुठल्या काळातल्या आहेत हे तुम्हाला माहीतच आहे. ग्राउंड फ्लोअरच्या मागच्या रूमवाल्यांनी टेरेसवरच्या मैत्रिणीचा सल्ला ऐकू नये.

तिसरं, फोन कुठला आहे ते बघा. 5जी भारतात 1 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालं. सुरुवातीला अनलिमिटेड 5जी बऱ्याच पॅकवर मिळायचं. जुलै 2024 च्या दरवाढीत जिओ आणि एअरटेलने ते रोज 2 जीबी किंवा त्याच्या वरच्या पॅकपुरतं ठेवलं. तुमचा फोन 4जीचा असेल, किंवा रूममध्ये 5जी पोचत नसेल, तर त्यासाठी वरचे पैसे देऊन काय मिळवणार?

चौथं, व्हिडिओचा हिशोब. सेकंदाला 1 मेगाबिटने चालणारा व्हिडिओ तासाला 450 एमबी खातो. 4 मेगाबिटचा खातो 1800 एमबी, म्हणजे दिवसाचा दीड जीबी तासाभराच्या आत फस्त. एनपीटेलची लेक्चर्स लॅबमध्ये डाउनलोड करून पेनड्राइव्हवर घेता येतात. आणि फळ्यावरचं अक्षर 360 मध्ये दिसत असेल तर सरांचा चेहरा एचडीमध्ये बघायची खरंच गरज आहे का? परीक्षेत तो विचारत नाहीत.

पाचवं, कंपनी बदलायला घाबरू नका. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर 20 जानेवारी 2011 पासून आहे. पोर्ट लिहून, जागा सोडून आपला नंबर लिहून 1900 ला एसएमएस करायचा, कोड येतो. सध्याच्या कंपनीत 90 दिवस पूर्ण झालेले असले पाहिजेत. उरलेला रिचार्ज नव्या कंपनीत येत नाही, म्हणून पॅक संपत आला की मगच पोर्ट करा.

आणि जाता जाता, आजीचाही फोन बघा. माझ्या आजीकडे बटणांचा फोन आहे. त्यावर ती दोनच गोष्टी करते : मला फोन, आणि मावशीला फोन. डेटाचे पैसे मात्र ती वर्षानुवर्षं भरत होती. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचं व्हाउचर ठेवायची सक्ती केली, आणि जानेवारी 2025 मध्ये कंपन्यांनी ते आणलं. जिओचं 84 दिवसांचं 448 ला आलं. पण जुलै 2024 मध्ये याच 84 दिवसांचा, वर 6 जीबी डेटा असलेला पॅक 479 ला होता! म्हणजे डेटा काढून घेतला आणि सूट दिली 31 रुपये. नियम चांगला, पण नियमाच्या मागे ग्राहकाने लक्ष ठेवलं नाही तर असं होतं. म्हणून मला वाटतं, 30 दिवसांच्या पॅकसाठी आणि कॉलच्या पॅकसाठी जशी सक्ती झाली तशी उरलेला डेटा पुढे नेऊ देणाऱ्या निदान एका प्रीपेड पॅकसाठीही व्हायला हवी. मागणी केल्याशिवाय आधीच्या दोन गोष्टीही मिळाल्या नव्हत्या.

आता थोडं सर आणि मॅडमशी

इथपर्यंत विद्यार्थ्यांना ऐकवलं. आता जरा धीर करून स्टाफशी बोलते. टर्मवर्कचे मार्क तुमच्या हातात आहेत हे लक्षात ठेवूनच लिहिते आहे.

सर, असाइनमेंट आता ऑनलाइन असतात. सबमिशनची वेळ बहुतेक वेळा रात्री 11.59. वेळ कोणी ठरवली माहीत नाही, बहुतेक कॉम्प्युटरनेच. पण विचार करा, चोवीस तासांत अशी एकच वेळ आहे जेव्हा हॉस्टेलमधल्या जवळजवळ प्रत्येकाचा रोजचा डेटा तळाला गेलेला असतो, आणि ती म्हणजे 11.59! एक मिनिटाने सगळ्यांकडे पुन्हा दीड जीबी येतो, पण पोर्टल बंद झालेलं असतं. हीच वेळ संध्याकाळी 5 ठेवली तर विद्यार्थी कॉलेजच्या लॅबमधून, कॉलेजच्या नेटवरून सबमिट करेल. किंवा सकाळी 8 ठेवा, तेव्हा नवा डेटा आलेला असतो. तुमचं काही जाणार नाही.

दुसरी विनंती, नोट्सची. वहीच्या पानांचे फोटो काढून केलेली 80 एमबीची पीडीएफ ग्रुपवर येते. ती 60 जण 60 वेळा उतरवतात, म्हणजे 4800 एमबी. तीच स्कॅन करताना लहान साईजला केली, किंवा डिपार्टमेंटच्या लॅनवर एक कॉपी ठेवली, तर कोणाच्याच खिशाला हात लागत नाही. पूर्वी नोट्सची झेरॉक्स काढताना पानाला किती पैसे पडतात हे सर विचारायचे, असं सीनियर्स सांगतात. आता पान दिसत नाही, म्हणून पैसे दिसत नाहीत. लागतात मात्र तेवढेच.

तिसरी, वायफायची. रात्री 11 ला वायफाय बंद करण्यामागे हेतू चांगला आहे, पोरींनी झोपावं. पण मॅडम, कोणी झोपत नाही! सगळ्या 12 वाजायची वाट बघतात. 12 ला विंगमध्ये दिवाळी पहाट असल्यासारखं सगळे जागे असतात आणि नवा डेटा उघडतात. म्हणजे झोप होत नाही ती नाहीच, वर खर्च. गेम आणि सिनेमे डाउनलोड करून काही जण सगळी बँडविड्थ खातात, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय वायफाय बंद करणं हा नाही. प्रत्येक लॉगिनला आठवड्याचा कोटा ठरवून द्या, उरलेला पुढच्या आठवड्यात जाऊ द्या. कंपन्या जे आपल्याला देत नाहीत ते कॉलेजने द्यावं, म्हणजे निदान एका ठिकाणी तरी न्याय होईल.

कॉलेज फीची पावती देतं, त्यात ट्युशन फी, डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल फी असं सगळं लिहिलेलं असतं. पण हजेरीचं ॲप, असाइनमेंटचं पोर्टल, ग्रुपवरच्या सूचना, स्कॉलरशिपचे फॉर्म, ऑनलाइन टेस्ट, हे सगळं ज्या रिचार्जवर चालतं तो त्या पावतीत नसतो. तो गृहीत धरलेला असतो. आणि गृहीत धरलेल्या गोष्टीला सवलत मिळत नाही.

‘हॉटस्पॉट देतेस का?’

हे शेवटचं, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते.

माझी रूममेट हुशार आहे, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. घरी दोन एकर कोरडवाहू, धाकटा भाऊ दहावीला. घरी दर महिन्याला एकाच मोठ्या रिचार्जची ऐपत आहे, आणि यावर्षी तो भावाचा आहे. तिच्या फोनवर जेमतेम कॉल चालतील एवढाच पॅक असतो. ती लायब्ररी बंद होईपर्यंत तिथे बसते, सगळं डाउनलोड करून आणते. तिच्याकडे बघून कोणाला काही कळणारही नाही. फक्त आठवड्यातून एकदा, अगदीच नाइलाज झाला की ती विचारते, ‘हॉटस्पॉट देतेस का, दोनच मिनिटं?’

पूर्वी हॉस्टेलमध्ये साखर मागायचे, इस्त्री मागायचे, ड्राफ्टर मागायचे. त्यात कोणाला कमीपणा वाटायचा नाही. हॉटस्पॉट मागताना मात्र आवाज खाली जातो. कारण तो रोज लागतो, आणि रोज मागितला की उसना राहत नाही, उपकार होतो. विंगमध्ये असे एक-दोन जण असतातच. बॉइज हॉस्टेलमध्येही असतील, तिथे कदाचित चेष्टाही होत असेल. ‘फुकट्या’ हा शब्द मी कट्ट्यावर ऐकला आहे.

आता वरचा हिशोब पुन्हा बघा. माझ्या 42 पैकी 23 जीबी हवेत गेले. रात्री 10 ला तुमच्या फोनमध्ये 800 एमबी उरले असतील, तर दोन तासांनी ते तुमचे नाहीत. मग ते देण्यात तुमचं जातं काय? थोडी बॅटरी. ज्या पॅकने आपल्याला फसवल्यासारखं वाटतं, त्यातला फुकट जाणारा भाग शेजारच्या कॉटवर पोचवता येतो. आमच्या विंगने ठरवलं आहे की रात्री 10 नंतर ज्यांचा डेटा उरला असेल त्यांनी हॉटस्पॉट चालू ठेवायचा. पासवर्ड विंगमधल्या सगळ्यांकडे आहे, बाहेरच्या कोणाला नाही, कारण सिम आपल्या नावावर असतं, एवढी काळजी घ्यावीच लागते. कोणाला मागावं लागत नाही, कोणाला द्यावं लागत नाही. हवेत असतं, ज्याला हवं ते घेतं.

मला कोणी विचारेल, एवढं सगळं दोन-तीनशे रुपयांसाठी? हो. ज्यांच्यासाठी ते दोन-तीनशेच आहेत त्यांनी हा लेख सोडून दिला तरी चालेल. पण चार वर्षांत आपण 52 रिचार्ज मारणार आहोत. डायोडचा ड्रॉप 0.7 व्होल्ट असतो, म्हणून आपण तो सोडून देतो का? सोडला तर उत्तर चुकतं.

तेव्हा पुढचा रिचार्ज मारण्याआधी एक महिना मोजा. 30 दिवसांचा पॅक शोधा. जमलं तर भिशी लावा. सरांनी 11.59 ची वेळ बदलली तर टाळ्या वाजवा, नाही बदलली तर मला शिव्या बसतील, त्या मी खाईन. आणि आज रात्री 10 ला फोन चार्जिंगला लावलात की हॉटस्पॉटचं बटण दाबायला विसरू नका. शेजारची विचारणार नाही. तिला विचारायची वेळ येऊ देऊ नका, एवढंच.